बाराबूच्या पायवाटांचा इतिहास

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात, विस्कॉन्सिन राज्यातील सॉक काउंटीचे मुख्य ठिकाण असलेले बाराबू हे सुमारे १२ हजार वस्तीचे गाव आहे. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय घटक. या गावातून निघणाऱ्या पायवाटा एका बाजूला जांभळट कड्यांनी वेढलेल्या सरोवराकडे जातात, दुसऱ्या बाजूला वालुकाश्मात कोरलेल्या अरुंद घळीकडे वळतात, नदीच्या काठाने चालतात आणि पुढे गवताळ माळांपर्यंत पोहोचतात. या वाटांवरून चालणाऱ्याला हा सारा प्रदेश मनुष्याचा हात न लागलेला आणि आपोआप टिकून राहिलेला वाटणे साहजिक आहे. परंतु येथील इतिहास तपासला असता असे दिसते की, या परिसरातील बहुतेक प्रत्येक तुकडा कधी ना कधी गिरणी, खाण, रेल्वे, शेती किंवा दारूगोळ्याच्या कामी लागला होता, आणि आज जो निसर्ग तेथे पाहावयास मिळतो तो वेळोवेळी माणसांनी आपला हात आवरल्यामुळे उरलेला अथवा परत आलेला निसर्ग आहे. बाराबूच्या पायवाटांचा इतिहास हा या हात आवरण्याचा इतिहास होय.

या इतिहासाची पार्श्वभूमी भूगर्भशास्त्रीय आहे. बाराबूभोवतीच्या टेकड्या क्वार्टझाइट या अतिशय कठीण खडकाच्या असून, वाळूचे थर जमिनीखाली दाब आणि उष्णता यांच्यामुळे एकजीव होऊन हा खडक बनतो. येथील क्वार्टझाइट सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. सरोवराच्या कड्यावर चढणाऱ्या वाटेवर काही शिळांच्या पृष्ठभागावर समांतर वळ्या दिसतात. उथळ पाण्याच्या हालचालीमुळे वाळूवर उमटलेल्या त्या खुणा आहेत, आणि वाळूचा दगड झाला तरी त्या पुसल्या गेल्या नाहीत. ओहोटीनंतर समुद्रकिनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत पायाला जाणवणाऱ्या वळ्यांशी त्यांचे साम्य इतके आहे की, अनेक कोटी वर्षांचे अंतर तळहाताखाली चाचपता यावे. पुढे शेवटच्या हिमयुगात ईशान्येकडून सरकत आलेल्या हिमनदीचा एक फाटा या टेकड्यांपर्यंत पोहोचून थांबला. हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीच्या बांधाला हिमोढ म्हणतात. पूर्वी जिच्यातून नदी वाहत होती अशा एका खोल खिंडीची दोन्ही तोंडे अशा हिमोढांनी बुजली आणि मधल्या भागात पाणी साचून सुमारे ३६० एकरांचे सरोवर तयार झाले. या सरोवरातून बाहेर वाहणारा एकही प्रवाह जमिनीवर दिसत नाही, आणि त्याच्या तीन बाजूंना सुमारे १५० मीटर उंचीचे कडे उभे आहेत. हेच आजचे डेव्हिल्स लेक.

या सरोवराचे नावच त्याच्या पहिल्या रहिवाशांच्या विस्मृतीची साक्ष देते. हो-चंक या मूलनिवासी समाजाच्या भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ पवित्र सरोवर असा होतो, मात्र तेथील पावित्र्याची कल्पना गोऱ्या वसाहतकारांच्या भाषेत उतरताना तिचे रूपांतर सैतानात झाले. हो-चंकांच्या पूर्वजांनी या परिसरात, इसवी सनाच्या ७०० ते ११०० या काळाच्या आसपास, माती वाहून आणून पशुपक्ष्यांच्या आकाराचे जे उंचवटे रचले, त्यांना आकृती-टेकाडे म्हणता येईल. ही टेकाडे उंचीने माणसाच्या कमरेएवढीच असली तरी त्यांचा विस्तार मोठा असतो. सरोवराच्या दक्षिण टोकाजवळ पंख पसरलेल्या पक्ष्याचे टेकाड असून त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे १५० फूट आहे, तर उत्तर काठावर अस्वलाच्या व अन्य श्वापदाच्या आकाराची टेकाडे आहेत. विस्कॉन्सिनमध्ये एके काळी अशी व अन्य प्रकारची मिळून १५ ते २० हजार टेकाडे होती असा अंदाज आहे. त्यांपैकी बहुतेक नांगराखाली, रस्त्यांखाली आणि घरांच्या पायाखाली नाहीशी झाली.

टेकाडे रचणाऱ्यांच्या वंशजांनाही एकोणिसाव्या शतकात भूमी सोडावी लागली. १८३७ च्या तहाने हो-चंकांची विस्कॉन्सिनमधील उरलीसुरली जमीन अमेरिकी शासनाकडे गेली, आणि त्यानंतर १८७० च्या दशकापर्यंत त्यांना पुनःपुन्हा पकडून पश्चिमेकडील अनोळखी प्रदेशांत नेऊन सोडण्यात आले. त्यांतील अनेक कुटुंबे शेकडो मैलांची वाट तुडवून पुन्हा या टेकड्यांकडे परतली. आज सहलीसाठी चालल्या जाणाऱ्या या परिसरातून त्या काळी काही माणसे केवळ आपल्या घरी पोहोचण्यासाठी चालत होती, ही गोष्ट येथील कोणत्याही पायवाटेच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

बाराबूच्या ईशान्येस काही मैलांवर असलेले मॅन माउंड, म्हणजे मनुष्याकृती टेकाड, या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. १८५९ मध्ये विल्यम कॅनफिल्ड या स्थानिक मोजणीदाराने त्याची मोजणी केली, तेव्हा चालण्याच्या पवित्र्यातील आणि डोक्याला शिंगांसारखा साज असलेल्या या मातीच्या मनुष्याची लांबी २१४ फूट भरली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी रस्ता बांधताना त्याचे पाय गुडघ्यांच्या खालून कापले गेले आणि उरलेल्या भागावरही नांगर फिरण्याची वेळ आली. त्या वेळी सॉक काउंटीतील इतिहास मंडळ, राज्याची पुरातत्त्व संस्था आणि महिला मंडळांचा राज्यव्यापी संघ यांनी निधी उभारून ती जमीन विकत घेतली, आणि १९०८ मध्ये तिचे लोकार्पण केले. मातीने रचलेले मनुष्याकृतीचे असे दुसरे टेकाड उत्तर अमेरिकेत आता शिल्लक नाही. २०१६ मध्ये त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तथापि त्याचे कापलेले पाय परत आले नाहीत. रक्षणाचा विचार येथे हानी डोळ्यांना दिसल्यानंतरच जागा झाला, आणि पुढील अनेक प्रसंगांतही हाच क्रम आढळतो.

बाराबू गाव वसले ते नदीच्या उतारामुळे. बाराबू नदी या ठिकाणी खळाळत उतरत असल्याने तिच्या प्रवाहावर बंधारे घालून लाकूड कापणाऱ्या, पीठ दळणाऱ्या आणि लोकर विणणाऱ्या गिरण्या चालविणे सोपे होते. १८७० च्या दशकाच्या प्रारंभी शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा मार्ग डेव्हिल्स लेकच्या पूर्व काठावरून, कड्याच्या पायथ्याशी दगड फोडून काढलेल्या पट्टीवरून, गावात आला. या मार्गाने दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी साध्य झाल्या. एकीकडे शहरांतील प्रवासी थेट सरोवराच्या काठी उतरू लागले व तेथे हॉटेले, नौका आणि नृत्यगृहे उभी राहिली, तर दुसरीकडे कड्यांचा दगड बाहेर पाठविण्याची सोय झाल्याने क्वार्टझाइटच्या खाणी फायदेशीर ठरू लागल्या. याच गावात १८८४ मध्ये रिंगलिंग बंधूंनी आपली सर्कस सुरू केली. १९१८ पर्यंत तिचा हिवाळी तळ नदीकाठी होता आणि सर्कशीचे हत्ती बाराबू नदीत आंघोळीला उतरत. १९५९ पासून त्या जागी सर्कशीचे संग्रहालय आहे.

खाणींचे सुरुंग आणि पर्यटकांची वाढती गर्दी यांमुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गावातील जाणत्या नागरिकांनी सरोवर शासनाच्या ताब्यात द्यावे अशी मागणी लावून धरली. कड्यांचा दगड एकदा फोडून नेला की तो पुन्हा उगवणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद साधा असला तरी निर्णायक होता. राज्याने नगररचनाकार जॉन नोलेन यांच्याकडे अभ्यास सोपविला. त्यांनी १९०९ मध्ये सादर केलेल्या अहवालात राज्य उद्याने करण्याजोग्या ज्या चार स्थळांची शिफारस केली, त्यांत डेव्हिल्स लेकचा समावेश होता. १९११ मध्ये डेव्हिल्स लेक राज्य उद्यान स्थापन झाले. आज त्याचे क्षेत्र ९ हजार एकरांहून अधिक असून, दरवर्षी २० लाखांहून अधिक लोक तेथे येतात. लहानशा गावाच्या दारात एवढी गर्दी येणे हा त्या रक्षणाचा परिणाम आहे आणि त्या रक्षणापुढील नवा प्रश्नही आहे.

उद्यान जाहीर होणे आणि त्यात चालण्याजोगी वाट तयार होणे या भिन्न गोष्टी होत. १९३० च्या दशकातील महामंदीत बेरोजगार तरुणांना काम देण्यासाठी केंद्र शासनाने १९३३ मध्ये सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर हे निसर्गसंवर्धनाचे श्रमदल उभारले. महिन्याला ३० डॉलर वेतन आणि त्यातील बहुतांश रक्कम थेट घरी रवाना, अशी त्याची पद्धत होती. १९३५ ते १९४१ या काळात डेव्हिल्स लेकच्या काठी या दलाची सुमारे २०० तरुणांची छावणी होती. कड्यावरून गडगडत आलेल्या शिळांच्या राशींमध्ये त्यांनी तेथलाच दगड पायऱ्या म्हणून बसविला. गेली ८० हून अधिक वर्षे असंख्य पावलांनी झिजूनही त्या पायऱ्या मानवनिर्मित आहेत हे चटकन ध्यानात येत नाही. ज्या दगडासाठी कड्याला सुरुंग लागत होते, तोच दगड कड्याच्या वाटेला पायरी म्हणून बसला, यात त्या काळाने केलेल्या वळणाचे चित्र स्पष्ट दिसते.

ज्या वर्षी ही छावणी पडली, त्याच १९३५ सालात बाराबूजवळ विस्कॉन्सिन नदीच्या काठी आल्डो लिओपोल्ड या वन्यजीवशास्त्रज्ञाने एक टाकलेली शेती विकत घेतली. लिओपोल्ड (१८८७–१९४८) हे मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक होते. वाळूसारखी भुसभुशीत झालेली, पिकांनी आणि वाऱ्याने कस नेलेली ती जमीन कोणत्याही व्यवहारी माणसाने घेतली नसती. शेतावर उभे असलेले एकमेव बांधकाम म्हणजे कोंबड्यांचे जुने खुराडे होते. तेच झाडूनपुसून राहण्याजोगे केले गेले आणि ‘शॅक’, म्हणजे खोपट, या नावाने प्रसिद्ध झाले. लिओपोल्ड, त्यांच्या पत्नी आणि पाच मुले यांनी दर वसंतात तेथे हजारो पाइनची रोपे लावली. प्रारंभीच्या वर्षांत अवर्षणाने त्यांतील बहुतेक मरून गेली, तरीही लागवड थांबली नाही आणि अखेरीस दहा-दहा हजारांच्या गणतीने झाडे उभी राहिली.

या शेतावर लिओपोल्डांनी केलेले दुसरे काम नोंदी ठेवण्याचे होते. कोणते फूल कोणत्या तारखेस उमलले, कोणता पक्षी केव्हा परतला, नदीवरील बर्फ कधी फुटले, अशा ऋतुचक्रातील घटनांच्या अभ्यासास ऋतुजीवशास्त्र म्हणतात. खोपटातील या नोंदी पुढील पिढीने चालू ठेवल्यामुळे हवामानबदलाचा वेध घेताना त्यांचा पुरावा म्हणून उपयोग झाला. २१ एप्रिल १९४८ रोजी शेजारच्या शेतातील गवताला लागलेला वणवा विझविण्यास मदत करीत असताना लिओपोल्ड हृदयविकाराने मृत्यू पावले. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हा त्यांचा ग्रंथ पुढील वर्षी, १९४९ मध्ये प्रकाशित झाला. जमीन ही मालकीची वस्तू नसून माती, पाणी, वनस्पती व प्राणी यांचा समुदाय आहे, आणि मनुष्य त्या समुदायाचा साधा सभासद आहे, हा त्यांचा भूमिनीतीचा विचार जगभर पोहोचला. या विचाराचे मोल समजण्यासाठी तो निबिड अरण्यात सुचलेला नसून, माणसाने खराब करून टाकलेल्या एका शेतात रोपे लावता लावता पक्व झाला, हे लक्षात ठेवावे लागते.

जमिनीचे काही तुकडे केवळ अभ्यासासाठी आणि त्यांच्या स्वतःसाठी राखावेत, हा आग्रहही लिओपोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी धरला होता. त्यातून १९५१ मध्ये विस्कॉन्सिनने अशी क्षेत्रे निवडून राखणारे मंडळ कायद्याने स्थापन केले. या प्रकारचा शासकीय कार्यक्रम अमेरिकेत त्यापूर्वी कोणत्याही राज्यात नव्हता. १९५२ मध्ये या यादीतील पहिले स्थान बाराबूच्या पूर्वेकडील पार्फ्रीज ग्लेन या घळीला मिळाले. पुढे १९५८ मध्ये मिलवॉकीचे वकील रे झिलमर यांनी हिमनदीच्या सीमारेषेवरून राज्यभर चालत जाणारी एक सलग वाट व्हावी या हेतूने संस्था स्थापन केली. १९६४ मध्ये संसदेने हिमयुगाच्या खुणा जपणाऱ्या राष्ट्रीय राखीव क्षेत्राला मान्यता दिली आणि १९८० मध्ये आइस एज ट्रेल या वाटेला राष्ट्रीय निसर्गरम्य मार्गाचा दर्जा मिळाला. सुमारे १,९०० किलोमीटरच्या या नियोजित मार्गाचा एक सुंदर टप्पा डेव्हिल्स लेकच्या कड्यांवरून जातो आणि झाडांवर रंगविलेल्या पिवळ्या पट्ट्या चालणाऱ्याला दिशा दाखवितात. या वाटेवर चालणे म्हणजे बर्फ जेथे थांबले ती रेषा पायांनी वाचणे होय.

बाराबूचा भारताशी असलेला संबंध पक्ष्यांमुळे जुळला. लिओपोल्डांच्या काळात विस्कॉन्सिनमधील दलदली कोरड्या करून शेतीखाली आणल्या गेल्याने सँडहिल क्रेन या क्रौंच पक्ष्यांच्या अगदी थोड्या जोड्या उरल्या होत्या. १९७३ मध्ये जॉर्ज आर्चिबाल्ड आणि रॉन सॉवी या कॉर्नेल विद्यापीठातील दोन संशोधकांनी बाराबूजवळील, सॉवी कुटुंबाच्या घोड्यांच्या फार्मवर इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. जगातील क्रौंचकुळातील सर्व १५ जाती एकत्र पाहता येतील असे हे ठिकाण आहे. सॉवी यांनी आपल्या संशोधनासाठी राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव घना पाणथळीत हिवाळे घालवून सायबेरियन क्रौंचांचा अभ्यास केला. सायबेरियातून हिमालयापलीकडून येणाऱ्या या शुभ्र पक्ष्यांची संख्या भरतपुरात वर्षागणिक घटत गेली आणि २००१–०२ च्या हिवाळ्यानंतर ते तेथे दिसेनासे झाले. महाराष्ट्रात गोंदिया परिसरातील भातशेतीत उरलेल्या मोजक्या सारसांची चिंता करणाऱ्यांना या घटनेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. विस्कॉन्सिनमध्ये मात्र, शिकारीवरील बंदी आणि पाणथळींचे रक्षण यांमुळे सँडहिल क्रेनची संख्या हजारोंच्या घरात गेली, आणि हिवाळा संपताच गावाभोवतीच्या वाटांवर त्यांचा खणखणीत आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.

ज्या बंधाऱ्यांमुळे गाव वसले, त्यांचेही दिवस अखेर भरले. गिरण्या बंद पडून दशके लोटल्यावर नदी अडवून ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही, आणि बंधाऱ्यांची दुरुस्ती करणे ते काढण्यापेक्षा महाग पडू लागले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००१ पर्यंत मुख्य प्रवाहावरील उरलेले बंधारे एकामागून एक काढण्यात आले. शंभराहून अधिक मैलांची नदी पुन्हा अखंड वाहू लागली, मासे वरच्या अंगाला चढू लागले आणि होड्यांना मोकळी वाट मिळाली. आजची नदीकाठची पायवाट ज्या खळाळाच्या सोबतीने जाते, तो खळाळ दीडशे वर्षे बंधाऱ्यांखाली दबलेला होता.

सर्वांत कठीण परतावा गावाच्या दक्षिणेकडील सॉक प्रेअरीचा म्हणावा लागेल. प्रेअरी म्हणजे उंच गवताचा विस्तीर्ण माळ. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, तेथील शेतकरी कुटुंबांना हलवून ७ हजारांहून अधिक एकरांवर बॅजर हा दारूगोळ्याचा कारखाना उभारण्यात आला. कोरिया व व्हिएतनाम येथील युद्धांतही तो चालू होता आणि त्याचे उत्पादन १९७५ मध्ये थांबले. जमिनीत मुरलेल्या रसायनांची स्वच्छता आणि शेकडो इमारती पाडण्याचे काम अनेक वर्षे चालले. आज त्या भूमीचा मोठा भाग राज्याच्या मनोरंजन क्षेत्रात आला असून, २०१७ मध्ये खुला झालेला ग्रेट सॉक ट्रेल हा सायकलस्वारांचा व पादचाऱ्यांचा मार्ग जुन्या रेल्वेपट्टीवरून तेथपर्यंत जातो. त्याच भूमीतील सुमारे १,५०० एकर हो-चंक राष्ट्राकडे परत आले आणि तेथे माळ पुन्हा रुजविण्याचे काम सुरू झाले. टेकाडे रचणाऱ्यांच्या वंशजांच्या हाती पूर्वजांच्या भूमीचा हा अंश येण्यास पावणेदोनशे वर्षे लागली.

पार्फ्रीज ग्लेनकडे या दृष्टीने पुन्हा पाहिले पाहिजे. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावर साचलेल्या वालुकाश्मात ही घळ कोरली गेली असून, तिच्या शेवाळलेल्या भिंतींमध्ये जांभळट क्वार्टझाइटचे गोटे, मोदकातल्या बेदाण्यांसारखे, रुतलेले दिसतात. वादळी लाटांनी प्राचीन बेटांचे कडे फोडून ते या वाळूत आणून टाकले होते. येथे एके काळी गिरणी होती, ओढा अडवलेला होता आणि नंतर अभ्यागतांच्या सोयीसाठी फळ्यांची वाट व पूल बांधलेले होते. २००८ च्या महापुराने ती वाट वाहून नेली. घळीच्या वरच्या भागात ती जशीच्या तशी पुन्हा बांधण्यात आली नाही. त्यामुळे तेथपर्यंत पोहोचलेल्या माणसाला आता बांधीव वाट सोडून, ओढ्यातील निसरड्या दगडांवरून, भिंतींना हात टेकत, पाण्याने मोकळी ठेवली असेल तेवढीच जागा घेऊन पुढे जावे लागते. राज्याने राखलेल्या पहिल्या क्षेत्रातील ही शेवटची काही पावले ओढ्याच्या मर्जीने टाकायची आहेत, आणि बाराबूने शंभराहून अधिक वर्षांत जे शिकून घेतले ते तेथे पायाला कळते.